कोण गेलं देवळालीला?

पिशोर, ता. कन्नड
कार्तिक वद्य पंचमी

चि. माईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल मिळालं. पाकीट हे एवढं आणि आत कागद चतकोर. वर एक इंग्रजी शब्दप्रयोग, त्याखाली मोबाईलने केलेलं भाषांतर आणि तळाशी एक ओळ: असलं काही आपल्यासाठी लिहिलेलं नसतंच मामा, पुस्तक रद्दीत देऊन टाकते. मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, ओळ तीच. हातातला चहा निवून गेला. मामी म्हणाली, कोणाचं काही वाईट कळलं का? मामा म्हणाला, पुस्तक चाललंय रद्दीत. ती म्हणाली, मग चार तुमचीही द्या सोबत. या घरात मामाची बाजू घेणारी एक तू होतीस, तीही फिरलीस.

तेव्हा आधी रागावून घेऊ दे. अर्थाचं मागून बघू.

‘आपल्यासाठी’ म्हणजे कोणासाठी गं? जी पोरगी सातवीत असताना विलायती चिंचेच्या फांदीवर बसून वीरकरांच्या डिक्शनरीतलं एकेक अक्षर संपवायची, तिने हे लिहावं? ती डिक्शनरी अजून कपाटात आहे. तिच्या पाठीला मामाने खळ लावून चिकटवलेला जुन्या धोतराचा तुकडाही शाबूत आहे. आणि पहिली सोळा पानं नाहीत म्हणून फूटपाथवर वीस रुपयांत मिळालेल्या पुस्तकाला कमी समजू नकोस. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, प्रस्तावना वाचायची सोय नाही. असं पुस्तक माणूस अगदी मोकळ्या मनाने वाचतो.

आता तुझा शब्द. गोऱ्या फौजेतला एक म्हातारा सार्जंट एका पोराकडे बोट दाखवून म्हणतो की हा ‘गॉन डूलाली’, म्हणजे डूलाली झाला. दोन पानं उलटली की दुसरा कोणी त्याच पोराला ‘डूलाली टॅप’ म्हणतो. तुझ्या मोबाईलने त्याचं भाषांतर दिलं: वेडसर नळ. हे मामीला वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली. तिने म्हणे असे नळ पाहिलेत.

मोबाईलवर मामाचा राग नाही, जरी तू तसं समजतेस. त्याला ‘डूलाली’ विचारलं, त्याने वेडसर सांगितलं. ‘टॅप’ विचारलं, त्याने नळ सांगितला. दोन्ही उत्तरं बरोबर आणि अर्थ साफ चूक. राग तुझा येतो. वेडसर नळ हाती आल्यावर तू हसून पुढे जायला हवं होतंस, किंवा अडून बसायला हवं होतंस. तू स्वतःलाच नापास करून मोकळी झालीस.

मामाचं जुनं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक. परकी भाषा डोळ्यांनी वाचू नये, कानांनी वाचावी. ओठ हलवून वाचते म्हणून तुला वर्गात उभं केलं होतं, त्या दिवशी मामा सायकल घेऊन शाळेत गेला होता आणि जे बोलायला नको ते बोलून आला होता. त्याचा पश्चात्ताप अजून नाही. ओठ बंद झाले की शब्द चित्र होऊन बसतो. इंग्रजी स्पेलिंगच्या चित्रातून आपल्याला काय दिसणार? तेच मोठ्याने म्हटलं की कान जागा होतो, आणि आपला कान काही इंग्रजी शाळेत जाऊन बिघडलेला नाही.

काल दिवेलागणीला नेमकं तेच झालं. मामा ओट्यावर तुझा कागद घेऊन बसला होता. आजी खाली पोत्यावर बसून लसूण सोलत होती, पुढ्यात परात, सालींचा ढीग पदरावर. तिला तर आता ऐकूही कमी येतं. मामाने वाक्य एकदा म्हटलं, मग दुसऱ्यांदा जरा सावकाश. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सोललेली पाकळी हातात धरून आजीने मान वर केली आणि विचारलं, “कोण गेलं देवळालीला?”

मामा उठून उभा राहिला.

माई, आजीला ना इंग्रजी येतं ना मराठी अक्षर. देवळाली मात्र तिला पाठ आहे. पण इंग्रजीचे शब्दकोश करणाऱ्यांनी जे लिहून ठेवलंय, ते तिने लसूण सोलता सोलता सांगितलं. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली. नाशिकजवळची, आपलीच. चाळीसगावला गाडीत बसलं, मनमाड गेलं, नाशिक रोड गेलं की पुढचं स्टेशन. इंग्रजीतला तो ‘गॉन’ही तिने सोडला नाही, ‘गेलं’ म्हणून बरोबर धरला. पुस्तकातला तो पोरगा देवळालीला गेला. आता देवळालीला गेलेल्याला वेडा का म्हणायचं, एवढंच शोधायचं उरलं.

त्याची हकीकत अशी. सत्तावन्नचा उठाव मोडल्यावर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढल्या. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला देवळालीला लष्कराची छावणी बसली. हवा बरी, मुंबई जवळ, आगगाडीची सोय. विलायतेतून नवा उतरलेला शिपाई आधी तिथे यायचा आणि मग पुढे पेशावरपासून मद्रासपर्यंत कुठेही पाठवला जायचा. नोकरीची मुदत भरलेला शिपाईही परत जाताना तिथेच यायचा आणि जहाजाची वाट बघायचा. गोम इथे आहे. फौजेची जहाजं वर्षभर सुटत नसत. नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. मार्चचं शेवटचं जहाज गेलं की पुढचं थेट नोव्हेंबरात. ज्याची मुदत एप्रिलात भरली त्याचं काय? त्याने सहा-सात महिने देवळालीत बसायचं. कवायत नाही, मोहीम नाही, काम नाही. नोकरी संपलेली आणि घर अजून लागलेलं नाही. वैशाखाचं ऊन, मग पाऊस, मग पुन्हा ऊन. हातात पैसा, बाजारात दारू.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श शिपाई पहिल्या महायुद्धाच्या आधी रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स पलटणीतून हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात हा देवळालीचा प्रकार आहे. सगळ्या नोकरीत ज्याच्या नावावर एक डाग नाही, असा माणूस इथे वाट बघता बघता बिघडायचा, भांडणं करायचा, कोठडीत जायचा. कोणी आजार लावून घ्यायचा, कोणी जीव द्यायचा. शिपायांनी या दुखण्याला आपलं नाव ठेवलं: देवळालीचा ताप. त्यांच्या जिभेवर देवळालीची डूलाली झाली आणि तापाचा टॅप. फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी १९२५ साली शिपाई-खलाशांच्या बोलीचा कोश काढला, त्यात हा शब्दप्रयोग जुन्या फौजेचा म्हणून नोंदलेला आहे. पुढे जिभेला आळस आला, ताप गळाला आणि नुसती डूलाली उरली. आज इंग्लंडातली एखादी आजीबाई चष्मा फ्रीजमध्ये ठेवून विसरली की स्वतःला डूलाली म्हणवून घेते. नाशिक जिल्ह्यातलं एक गाव आपण रोज तोंडात घोळवतो, हे तिच्या गावीही नसतं. बीबीसीने १९७४ साली ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका सुरू केली, तिची सुरुवातीची छावणी देवळालीचीच होती. तेवढ्यापुरतं तिकडच्या लोकांना कळलं असेल.

तर तुझा नळ हा असा ताप निघाला. कोशवाले त्याला हिंदुस्तानी म्हणतील, कोणी फार्सी ‘तप’ काढतील. मामा भांडणार नाही. पण मराठी माणसाला हे इतकं का लागू पडावं ते बघ. आपल्याकडे ताप अंगात येतो तसा डोक्यालाही होतो. पाहुणे चार दिवस राहिले तरी ‘ताप झाला’ म्हणतो. इंग्रजाला ही दुहेरी सोय आपल्या शब्दात फुकट मिळाली. आणि गावाच्या नावाने वेड दाखवायची तऱ्हा तरी आपल्याला कुठे परकी आहे? ‘याला ठाण्याला न्या’, ‘येरवड्याला एक खाट सांगून ठेवा’ असं आपण म्हणतोच. (म्हणू नये. आजारी माणसावर हसण्यासाठी गावं वापरली जातात, याचं त्या गावच्या लोकांना काय वाटत असेल?) ज्याला येरवडा कळतो त्याला डूलाली कळायला हरकत नव्हती. मग हे पुस्तक आपल्यासाठी लिहिलेलं नाही म्हणजे काय?

आणि उलट बाजूही बघ. तू कन्नडहून चाळीसगावला जाताना किती वेळा ‘औट्रम घाट’ म्हणाली असशील. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, कंपनीच्या फौजेतला अधिकारी, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. घाटाला त्याचं नाव पडलं. मग गौताळ्याच्या अभयारण्यालाही ‘गौताळा औट्रमघाट’ असं जोडनाव लागलं. आपल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्याचा औटराम केला, आऊटरम केला, काहींनी त्यात राम शोधला. ते आपल्या गावाची डूलाली करून गेले, आपण त्यांच्या साहेबाचा राम करून ठेवला.

आता मामाला जरा लांब जाऊ दे. तू म्हणशील, सुरू झालं. झालंच.

अनोळखी शब्दाचा अर्थ कसा काढावा, याचा मामाला माहीत असलेला सगळ्यात चांगला धडा आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, असईला, एका लढाईत दिला गेला. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर उभ्या. समोर आर्थर वेलस्ली, वय चौतीस, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला तो. त्याच्याकडे माणसं फार कमी, आणि मधे नदी. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. उतार त्यालाही दिसला नाही. त्याला दिसलं ते एवढंच: अलीकडच्या काठावर एक गाव, पिंपळगाव, आणि बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं, वरूड. तो म्हणाला, दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत म्हणजे माणसं इकडून तिकडे जात असणार. ती नदी ओलांडल्याशिवाय राहायची नाहीत. तेव्हा उतार आहेच. माणूस पाठवून बघितलं, उतार होता. त्याच उताराने त्याची फौज पार झाली आणि आपण हरलो. हरल्याचं दुःख वेगळं. या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’ नावाची आख्खी कादंबरी आहे, १९९८ सालची. इंग्रज लिहितात त्या कथांमध्ये आपल्या खेळणेची ‘कैटना’ होते आणि जुईची ‘जुआ’. ती वाचताना तुला असंच वाटलं असतं की ही कुठली परमुलखातली नदी. नदी कुठली, तुझ्या मावशीच्या सासरच्या वाटेवरचं पाणी ते.

मुद्दा असा, की उतार नदीकडे बघून दिसत नाही. काठावरच्या गावांकडे बघून कळतो. शब्दाचंही तसंच. ‘डूलाली’कडे तासभर टक लावून बसलं तरी काही दिसणार नाही. अलीकडे पलीकडे कोण वस्ती करून आहे ते बघ. तुझ्या पुस्तकात त्या पोराच्या आधीच्या पानांत जहाजाचं काही येतं का? कोणी दिवस मोजतं का? उन्हाचा, बसून राहण्याचा, घरच्या पत्राचा उल्लेख? मामाने पुस्तक पाहिलेलं नाही, पण पैज लावतो, येत असणार. ती दोन गावं समोरासमोर दिसली की मधल्या पाण्यात पाय घालायला भ्यायचं कारण नाही.

हे काम फक्त इंग्रजाला जमतं असं तुला वाटत असेल, तर मोल्सवर्थ आठव. तोही कंपनीच्या लष्करातला एक पोरसवदा अधिकारीच. त्याला मराठीचं वेड लागलं, ते डूलालीचं नव्हे, चांगलं. शास्त्री-पंडितांना सोबत घेऊन, लोकांना विचारून विचारून त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. १८३१ साली तो छापला, आणि तरी समाधान झालं नाही म्हणून १८५७ साली वाढवून पुन्हा काढला. त्याचा सहकारी थॉमस कँडी, त्याने इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पुरा केला. या लोकांनी ‘मराठी आपल्यासाठी नाही’ म्हणून कागद रद्दीत दिला असता तर आज आपल्यालाच आपले निम्मे शब्द सापडले नसते. त्यांनी कुणब्याच्या तोंडचा शब्द विचारायला लाज धरली नाही. तू सार्जंटच्या तोंडचा शब्द विचारायला का धरावी?

पण थांब. मामाचा उत्साह बघून तू उद्या प्रत्येक इंग्रजी शब्दात मराठी शोधायला लागशील, आणि तो रोग डूलालीपेक्षा वाईट. काही शब्द खरेच आपले आहेत. मुंगूस घे. किपलिंग मुंबईत जन्मला, १८६५ साली. त्याच्या ‘जंगल बुक’मधली रिक्की-टिक्कीची गोष्ट तुला चौथीत सांगितली होती. तिच्यातला ‘मॉन्गूस’ आपल्या मुंगसावरूनच आला असं इंग्रजी कोशही मानतात. मात्र इंग्रजाने त्यात बदक शोधलं. त्यांच्या मोठ्या बदकाला ‘गूस’ म्हणतात, अनेकवचन ‘गीज’. तेव्हापासून मुंगसाचं अनेकवचन काय करावं यावर बिचारे अडखळतात.

पण काही शब्द नुसतेच आपले वाटतात. यूल आणि बर्नेल या जोडीने १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा जाडजूड कोश काढला. (हे नावच मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या हाकेची गोऱ्या शिपायांनी केलेली दुर्दशा आहे.) त्यांना वाटलं की इंग्रजीत कशाची पर्वा नाही हे सांगताना जो ‘डॅम’ येतो, तो आपला दाम, दमडीचा बाप. ऐकायला किती गोड! आपण ‘दमडीची किंमत देत नाही’ म्हणतो, तेही तेच म्हणतात. पण पुरावा मिळाला नाही आणि पुढच्या कोशकारांनी हे नाकारलं. ती साधी इंग्रजी शिवीच आहे. तसंच ‘पॉश’चं. हिंदुस्थानच्या बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीतली खोली श्रीमंत लोक घेत, त्या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश, ही गोष्ट मामाने स्वतः पंधरा वर्षं लोकांना सांगितली. तसा छाप असलेलं एकही तिकीट कोणाला सापडलेलं नाही. मामाने सांगणं बंद केलं. कान गुन्हेगार दाखवतो, पण साक्षीपुरावा वेगळा गोळा करावा लागतो. देवळालीचा पुरावा आहे: छावणी आहे, जहाजांचा हंगाम आहे, शिपायाची साक्ष आहे. म्हणून ती खरी. आजी बोलली म्हणून नव्हे. आजीला हे सांगू नकोस.

जाता जाता थॅकरेचीही एक गंमत. कलकत्त्यात जन्मलेला हा लेखक. त्याच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये हिंदुस्थानातून परतलेल्या कलेक्टरवर छाप पाडायला निघालेली बेकी शार्प जेवताना त्याने पुढे केलेली ‘चिली’ घेते. तिला वाटतं, नावातच गारवा आहे. इंग्रजीत ‘चिली’ म्हणजे थंडगारही. पुढचं तुला सांगायला नको. तू आपल्या मळ्यातली लवंगी चावून पाण्याच्या हौदात तोंड घातलं होतंस, तेव्हा तू तरी पाच वर्षांची होतीस. सांग आता, तो प्रसंग लंडनच्या वाचकाला जास्त कळला असेल की पिशोरच्या?

आणखी एक शब्द सांगायचा राहिला. तुझ्या पुस्तकात फौज आहे, तेव्हा तो कुठे ना कुठे भेटेल. ‘ब्लायटी’. पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी इंग्रजी कथांत तो आहे. हा आपला ‘विलायती’. उत्तरेकडे बिलायती म्हणतात, गोऱ्या शिपायाने तो ऐकला आणि आपल्या घराला, इंग्लंडला, तेच नाव देऊन टाकलं. खंदकात चिखलात पडलेला शिपाई म्हणायचा, एक ‘ब्लायटी’ लागू दे. म्हणजे अशी गोळी लागू दे की जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील. आपल्याला विलायती म्हणजे लांबचं, परकं. म्हणून तर शाळेमागच्या चिंचेला आपण विलायती म्हणतो. तीही बिचारी विलायतेची नव्हे, अमेरिका खंडातली. आणि त्यांनी तोच शब्द उचलून स्वतःच्या अंगणाला दिला. शब्द एक. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर घर आणि परदेश यांची अदलाबदल. हे मामाला सगळ्यात...

माई, इथे पत्र थांबलं होतं. मामी दिवा घेऊन आली, म्हणाली, डोळे फोडून घ्या. मामाने तुझा कागद घडी घालून ठेवायला घेतला आणि तो उलटा झाला.

मागच्या बाजूला तू काही मारलंयस ते आधी पाहिलंच नव्हतं. पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. मामाने बोट ठेवून मोजल्या. बेचाळीस जुड्या आणि वर एक. दोनशे अकरा.

मागे मोजत गेलं तर एप्रिल येतो. तुझ्या नोकरीच्या परीक्षेचा निकाल एप्रिलातच लागला होता ना? यादीत नाव आलं, पेढे वाटले, पिशोरच्या स्टँडवर फलक लागला, आणि नेमणुकीचं पत्र मात्र अजून नाही. मामाला वाटलं होतं की तू पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात आहेस, त्या नादात विसरली असशील. फोनवर विचारलं की म्हणायचीस, येईल की मामा, सगळ्यांचंच थांबलंय. पुण्याच्या तुझ्या खोलीत आणखी तिघीजणी आहेत म्हणतेस, त्याही वाटच बघतात का? दिवसभर करता काय? रात्री तीन वाजता पत्र लिहिलंयस, तारखेखाली वेळ टाकायची तुझी सवय. तीन वाजता कोण जागं असतं? मेसचा डबा एकवेळचाच लावलाय असं तुझ्या मैत्रिणीने मामीला सांगितलं, ते मामीने मामाला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.

मामा किती मूर्ख बघ. आठ पानं देवळालीवर लिहिली, आणि पोरगी कोणत्या पानावर का अडली ते बघितलं नाही. तुला अर्थ कळला नव्हता की फार नीट कळला होता?

हे बघ, भाषण नाही. अंजना नदीला अजून पाणी आहे. मका निघाला, कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, बाया मिळत नाहीत म्हणून मामी वैतागलीय. तू ये. चार दिवस नव्हे, महिनाभर ये. वेचायला नको येऊस, नुसती बांधावर बसून हिशेब लिही, मामाचे हिशेब कधीच जुळत नाहीत. पत्र यायचं तेव्हा येईल. पत्ता पिशोरचा दे, पोस्टमन घर ओळखतो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने संभाजीनगरला उतर आणि एकटी पुढे येऊ नकोस, मामा स्टँडवर येऊन थांबेल. पैशाचं विचारू नकोस आणि पाठवूही नकोस. खोलीचं भाडं भरायचं राहिलं असेल तर सरळ सांग, आडून सांगू नकोस, तुझ्या आईसारखं.

आणि रात्री जाग आली तर रेघ मारू नकोस. फोन लाव. मामा म्हातारा आहे, त्याला तशीही तीनला जाग येते.

मामी, आजी यांचे आशीर्वाद. आजीच्या गुडघ्याला आराम आहे.

तुझा
मामा

ता. क. पुस्तक रद्दीत दिलं नसशील तर सोबत आण. दिलं असशील तर त्या रद्दीवाल्याकडे आजच्या आज जा. काल रात्रीपासून आजीने चारदा विचारलं, “ते पोरगं देवळालीहून सुटलं का नाही?” मामाला सांगता येईना. तिने लसूण तसाच ठेवलाय.